आधी हवा, मग डिझेल

[उद्यमनगर, सकाळ. शटर वर जातं. लेथचा आवाज.]

कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. शटरं वर गेली की पाठोपाठ लेथ फिरायला लागतात. एका गाळ्यात क्रँक ग्राइंडिंगला लावलेला, शेजारी ब्लॉक बोअरला, समोर हेडच्या सीटा कापायचं काम. चार पावलांच्या अंतरात अख्खं डिझेल इंजिन उघडून, तपासून, घासून पुन्हा उभं करता येतं, अशा जागा आता मोजक्याच उरल्यात. नदीचं पाणी माळावर चढवणाऱ्या ऑइल इंजिनांवर इथल्या पिढ्यांचे हात बसले. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या मोठ्या फाउंड्र्यांमध्ये कास्टिंगचे ढीग पडतात. या गल्ल्यांमध्ये अजूनही एकेक इंजिन हातात घेतलं जातं.

[जीप गल्लीत वळते. मागे काळा धूर.]

आपण आलोय ते हिच्यासाठी. महिंद्रा एमएम ५५० जीप, डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह. गाव गगनबावड्याकडचं. मालकाच्या वडिलांनी घेतलेली गाडी. तिने उसाच्या फडात खत पोचवलं, पावसाळ्यात माणसं दवाखान्यात नेली, लग्नसराईत वऱ्हाड वाहिलं. काही वर्षं ती वडापला, म्हणजे सवाऱ्या वाहायलाही होती. आता मुलगा ती ऑफरोडिंगला काढतो आणि उभ्या चढावर ती दम टाकते. चाकं घसरत नाहीत, फोर व्हील लागलेला आहे, पण इंजिनच खाली बसतं.

लोकांनी त्याला दोन सल्ले दिले. एक, ही मोडीत घाल आणि नवी थार घे. दुसरा, हे इंजिन काढ आणि त्या जागी नवं सीआरडीआय बसव, वायरिंग आणि कॉम्प्युटरसकट. त्याने दोन्ही ऐकले आणि गाडी इथे आणली.

[मालक आणि मिस्त्री, बॉनेट उघडं.]

"मामा, इंजिन हेच ठेवायचं. पण चढ पाहिजे."

"मिळंल की. पण धूर सोडत पळायची सवय लागलीया हिला, ती आधी मोडायला लागंल."

[बॉनेटखालचं इंजिन, जवळून.]

हे इंजिन नीट बघा. २५२३ सीसी, चार सिलिंडर. याचं घराणं ट्रॅक्टरचं. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीने भारतात ट्रॅक्टरचा धंदा सुरू केला, त्या कुळातलं हे इंजिन. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, १०१.६. आकडे विचित्र वाटतात, कारण मूळ मापं इंचात आहेत: साडेतीन आणि चार. स्ट्रोक बोअरपेक्षा लांब असल्यामुळे ते फार फेऱ्या घेत नाही, पण कमी फेऱ्यांवर नेटाने ओढतं. कंपनीतून आलं तेव्हा त्याची अश्वशक्ती साठच्याही आत होती. जीपला मात्र ती सडकेवरच्या शर्यतीसाठी नकोच असते. दगडावर चाक चढताना, इंजिन दीड हजार फेऱ्यांवर असताना चाकाला किती पीळ मिळतो, तो म्हणजे टॉर्क, आणि तोच इथे कामाचा.

तो वाढवायची सोपी युक्ती कुठल्याही गॅरेजात सांगतात. डिझेल पंपाचा स्क्रू फिरवायचा आणि डिझेल वाढवायचं. याही जीपचा स्क्रू कुणीतरी कधीतरी फिरवून ठेवलाय. तो काळा धूर म्हणजे नीट न जळलेलं डिझेल. आत हवाच पुरेशी नाही, तर जास्तीचं डिझेल जळणार कशात? ते अर्धवट जळतं, एक्झॉस्ट तापतो, आणि असंच दामटत राहिलं तर एक दिवस पिस्टनचं डोकं वितळतं.

[मिस्त्री, कॅमेऱ्याकडे न बघता.]

"हवा दिल्याबिगर डिझेल द्यायचं न्हाई. आधी हवा. मग डिझेल."

हवा द्यायची, म्हणजे टर्बो लावायचा. यात कंपनीची वाट वाकडी करून काही चाललेलं नाही. महिंद्राने स्वतःच याच २५२३ सीसी इंजिनाला टर्बो जोडून ते बोलेरोत दिलं, २०१० नंतर थार डीआयमध्येही दिलं. थार डीआयची अश्वशक्ती ६३ आणि टॉर्क दीड हजार फेऱ्यांच्या आसपास १८० न्यूटन मीटरच्या घरात. म्हणजे हे काम या ब्लॉकला झेपतं. आतला माल मात्र तेवढा सक्षम हवा, आणि म्हणून टर्बोचं खोकं अजून बंदच आहे. आधी इंजिन खाली उतरेल.

[चेन-कप्पी. इंजिन चासीतून वर येतं.]

[ब्लॉक धुतला जातो. काळं पाणी.]

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण निघालं, चेंबर म्हणजे खालचं तेलाचं भांडं निघालं, पिस्टन वर आले. लायनर म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, त्याला वरच्या टोकाशी बोट लावलं की कड लागते. वर्षानुवर्षं पिस्टनभोवतीची रिंग जिथपर्यंत घासत आली तिथे ही पायरी तयार होते. ब्लॉक आणि हेडला तडा आहे का, ते लाल रंगाच्या पेनिट्रंटने बघतात. रंग फवारायचा, पुसायचा, वरून पांढरी डेव्हलपर. तडा असेल तर लाल रेघ आपोआप वर उमटते. हिच्या हेडवर रेघ उमटली नाही. गाळ्यातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतंय.

जुने लायनर काढून नवे दाबून बसवले. मग बोअर, मग होनिंग.

[होनिंग. दगड वर-खाली, रॉकेलची धार.]

होनिंगचा दगड फिरत फिरत वर-खाली जातो आणि भिंतीवर फुलीसारख्या बारीक रेघा पाडतो. बॅटरीच्या उजेडात त्या दिसतात. या रेघांमध्ये तेल धरून राहतं आणि त्याच तेलावर रिंग सरकते. भिंत आरशासारखी गुळगुळीत केली तर तेल टिकणार नाही. रेघांचा कोन हाताच्या वेगावर ठरतो, यंत्राच्या फेऱ्या तेवढ्याच असतात. इथला माणूस घड्याळ बघत नाही. तो आवाज ऐकतो.

[रिंग, फिलर गेज. अगदी जवळून.]

आता ही रिंग. ती बोअरमध्ये तिरकी बसू नये म्हणून पिस्टनच उलटा धरून तिला सरळ खाली ढकलतात. मग तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं, पातं घालायचं. टर्बोच्या इंजिनात रिंग जास्त तापते, म्हणजे जास्त फुगते. फट कमी पडली तर टोकं एकमेकांना भिडतील आणि लायनर ओरखडेल. मिस्त्री रिंग बाहेर काढतात, कानशीचा एक हात मारतात, पुन्हा आत घालतात, पुन्हा पातं. पातं किंचित अडकत सरकलं की ती रिंग बाजूला. पुढची रिंग. प्रत्येक सिलिंडरच्या रिंगा वेगळ्या फडक्यावर, कारण ज्या बोअरला घासली त्याच बोअरला ती जाणार.

[वजनकाटा. कनेक्टिंग रॉड.]

चारही कनेक्टिंग रॉडांची वजनं सारखी करायची आहेत. गुजरीत सोनं तोलावं तसं इथे लोखंड तोललं जातंय. जड रॉडचा कडेचा माल ग्राइंडरने उतरवायचा, पुन्हा काट्यावर. हे काम केलं नाही तरी इंजिन सुरू होतं, आणि म्हणूनच घाईची गॅरेजं ते करत नाहीत. मालकाने सांगितलेलं नव्हतं. मिस्त्रींनी केलं.

[शिकाऊ मुलगा व्हॉल्व्ह लॅपिंग करताना.]

हा मुलगा आयटीआय करून इथे आलाय. दोन तळव्यांमध्ये काठी घुसळत तो व्हॉल्व्ह सीटवर बसवतोय. पेस्ट करकरते आणि हळूहळू आवाज मऊ होत जातो. व्हॉल्व्ह उचलून बघितला की कडेने राखाडी पट्टा दिसतो, तो सगळीकडे सारख्या रुंदीचा हवा. एका बाजूला पट्टा बारीक दिसला. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त बोट ठेवलं. मुलाने पुन्हा पेस्ट लावली. नव्या गाड्यांचं सर्व्हिसिंग शिकवणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. हे बोट ठेवणं जिथे मिळतं, अशी गॅरेजं टिकली पाहिजेत, आणि ती टिकायची तर उघडून दुरुस्त करता येतील अशी इंजिनं रस्त्यावर राहिली पाहिजेत.

[टर्बोचं खोकं उघडतं.]

आता टर्बो. एका शाफ्टवर दोन चाकं. एक्झॉस्टचा गरम वायू एकाला फिरवतो, दुसरं बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. जो वायू सायलेन्सरमधून वाया जायचा, त्याच्याकडून काम करून घ्यायचं. भरात आला की हा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो. त्याला बॉल बेअरिंगही नाही, तो तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगतो. म्हणून ही बारीक नळी बघा, इंजिनाच्या ऑइल गॅलरीतून टर्बोला तेल नेणारी. आणि ही दुसरी, चांगली जाड, तेल परत चेंबरमध्ये सोडणारी. परतीच्या नळीला कुठेही पोट आलेलं चालत नाही, सरळ उतार हवा. तेल तुंबलं तर ते सीलमधून गळतं आणि गाडी निळा धूर सोडते.

दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. तेव्हा रेडिएटरपुढे ती हवा थंड करणारा इंटरकूलर बसला. रेडिएटरचा कोअरही जाड झाला, एक्झॉस्टचा पाइप रुंद झाला. दाब पाऊण बारच्या आसपास ठेवलाय. त्याच्या वर जाऊ लागला की वेस्टगेट उघडतं आणि वायू चाकाला वळसा घालून निघून जातो. जास्त दाब देता आला असता. मालकाने विचारलंही.

"गाडी शर्यतीपुरती न्हाई लेका. तुझ्या बाची हाय. टिकाय पाहिजे."

[पंप टेस्ट बेंच. चार काचेच्या नळ्या.]

हवेची सोय झाली, आता डिझेलची पाळी. पंप बेंचवर चढवलाय. खाली चार काचेच्या नळ्या, प्रत्येक सिलिंडरची एक. पंप फिरतो, नळ्या भरत जातात, आणि चारही पातळ्या एका रेषेत आल्या पाहिजेत. तिसरी नळी मागे आहे. पुन्हा खोलणं, पुन्हा जोडणं. नोझल हातपंपावर तपासली जाते: दांडा दाबला की धुक्यासारखा फवारा आला पाहिजे, थेंब लोंबता कामा नये. पंपाला हा डायफ्रॅम बसवलाय. टर्बोचा दाब आल्याशिवाय तो जास्तीचं डिझेल सोडत नाही. मिस्त्रींचं ते वाक्य या डायफ्रॅमच्या स्प्रिंगमध्ये आहे.

[इंजिन पुन्हा चासीवर. पहिला स्टार्ट.]

पहिल्यांदा स्टार्टर मारताना डिझेल बंद ठेवतात. इंजिन नुसतं फिरवायचं, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत, म्हणजे टर्बोला कोरडं फिरावं लागत नाही. काटा उठला. स्टॉपची केबल आत गेली.

[आवाज. निवेदन नाही.]

[दगडखाण, शहराबाहेर.]

बंद पडलेली दगडखाण. पूर्वी जीप जिथे खाली बसली होती, तो हा चढ. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्स्फर केस लोमध्ये, म्हणजे चाकाला मिळणारा पीळ आणखी जवळजवळ अडीच पट. पहिला गिअर. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका आहे. बूस्टच्या, म्हणजे टर्बोच्या दाबाच्या, काट्याकडे बघा, इंजिनाचा आवाज चढायच्या आत तो हलतो. पुढचं डावं चाक दगडावर येतं, गाडी क्षणभर थबकते आणि तशीच वर सरकते. एक्झॉस्टकडे बघा. हलकी राखाडी छटा आली आणि गेली.

[करूळ घाट. वैभववाडीकडून गगनबावड्याकडे.]

दुसरी परीक्षा लोड भरून, करूळ घाटात. इथे लक्ष पायरोमीटरवर आहे, एक्झॉस्टची उष्णता दाखवणाऱ्या काट्यावर. लांब चढावर तो सातशे अंशांच्या आत राहिला पाहिजे, वर गेला तर पाय उचलायचा. पूर्वी ज्या वळणांवर दुसरा गिअर टाकावा लागायचा, तिथे तिसऱ्यावर निघतेय. मालक बोलायचा थांबलाय.

क्लचप्लेट बदलली आहे. वाढलेल्या ताकदीला ब्रेकही तेवढे लागतात, पुढे डिस्क बसवायचं काम अजून बाकी आहे. इंजिन नंबर आणि सीसी तेच आहेत, तरी फेरफारांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे निर्बंध आहेत, ते आरटीओत विचारून घ्यावे लागतात, पीयूसी आणि पासिंगही आहेच. गावातल्या वाटांपलीकडे, सड्यांवर आणि जंगलात गाडी घालायची नाही, हे मालकाने आपणहून सांगितलं.

[गगनबावडा. गाडी थांबते, इंजिन चालू.]

थांबल्यावर लगेच चावी फिरवायची नाही. मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवायची, तापलेल्या टर्बोतून तेल वाहू द्यायचं. नाहीतर बेअरिंगपाशी अडकलेलं तेल जळून कोळसा होतो. पहिले पाचशे किलोमीटर बेताने चालवायची. मग तेल आणि फिल्टर बदलायचं, व्हॉल्व्हचे टॅपेट पुन्हा लावायचे, टर्बोचे सगळे क्लॅम्प आवळायचे. पंपाला हात लावायचा तो त्यानंतरच, आणि तोही बेंचवर.