भुताला पत्ता लागतो

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय ‘मराठी भयकथा : काल, आज आणि उद्या’ असा छापलाय. तो मी दिलेला नाही. चिटणीसांना मी फोनवर म्हणालो होतो, ‘भुताच्या पत्त्याबद्दल बोलेन म्हणतो.’ रेंज कमी होती. त्यांना वाटलं मी माझा पत्ता देतोय, त्यांनी तो लिहून घेतला. मानधनाचं पाकीट बहुतेक तिकडेच जाईल. (हशा) असो. काल, आज, उद्या तिन्ही उरकतो, शब्द देतो. पण आधी पत्ता.

तुम्ही कोकणातली माणसं, तुम्हाला हे सांगायला नको. आपलं भूत कधी बेवारशी नव्हतं. सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुंजा पिंपळावरच बसायचा. वडावर का नाही, असं कुणी विचारलं नाही, कारण तो त्याचा पत्ता होता. गिऱ्हा पाण्यात. वाट चुकवणारा चकवा रानात, आणि तोही ठराविक रानात. ‘त्या वळणावर लागतो’ असं आजोबा हात करून दाखवायचे. हाकामारी दारात यायची, नाव घेऊन हाक मारायची, आणि पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असायचं. ही मी गंमत करत नाहीये, हे लक्षात ठेवा. हाकामारी पुढे परत येणार आहे.

आरवलीचा वेतोबा घ्या. भूत म्हणत नाहीये, ग्रामदैवत आहे, उद्या मला फोन नकोत. त्याला लोक केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. का? तर तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि वहाणा झिजतात. लहानपणी वडिलांनी मला तिथल्या एका जोडाचे तळवे दाखवले होते. टाचेकडे जास्त झिजलेले. चांगलं नऊ फुटी दैवत, पण मला धसका बसला तो त्या टाचेचा. माझे आजोबाही तसेच टाचेवर जोर देऊन चालायचे. त्या रात्री ते परसात गेले तेव्हा मी डोक्यावरून पांघरूण घेतलं. भयकथेबद्दल मला जे काही कळलं त्यातलं निम्मं तिथेच कळलं.

आता मी राहतो डोंबिवलीला, चौथ्या मजल्यावर. इथे मुंजाने बसायचं कुठे? सोसायटीने पिंपळ तोडला, फरशा उचकटत होता म्हणून. मुंबईत काही टॉवरांना तेरावा मजलाच नसतो, बारानंतर ‘१२अ’. मी म्हणतो, अरे, तेराचं भय आपलं नव्हेच! आपलं ‘तीन तिगाडा’. तिसरा मजला गाळा, मग मी मानेन.

तर माझं म्हणणं एवढंच, की वाचक भुताला भित नाही. ज्या घरात तो डोळे मिटून फिरू शकतो, त्या घरात एक गोष्ट जागेवर नसली की तो भितो. म्हणून मी आधी आलेखाच्या कागदावर घर काढतो. जिन्याला पायऱ्या किती, बटण दाराच्या डावीकडे की उजवीकडे, मोरीचं दार आत उघडतं की बाहेर. मग ते वाचकाच्या अंगवळणी पाडतो. बायको माझी पहिली वाचक. ती म्हणते, पहिली पन्नास पानं फ्लॅट विकायला काढल्यासारखी वाटतात. प्रकाशकही साधारण तेच म्हणाले, जरा सभ्य भाषेत. म्हणून मग मी स्वतःच प्रकाशक झालो, आणि इथून माझं गाऱ्हाणं सुरू होतं. घड्याळ बघू नका.

कादंबरी १९२ पानांची. छापखान्यात सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे बारा फर्मे. प्रती पाचशे. कादंबरीत एक जुनं घर, अकरा पायऱ्यांचा जिना, एक काकू आणि मृत्युपत्रावर डोळा ठेवून बसलेला मामा. काकू पान १५० वर वारतात. शेवटच्या फर्म्यात, पान १७७ ते १९२, सगळा उलगडा. दिवा कोण लावत होतं, विष कशात होतं, मामाच्या कोटाचं बटण कुठे सापडलं. या सोळा पानांवर मी सात महिने घालवले. पहाटे चारला उठायचो, पाच वाजता पाणी यायचं, ते भरायचं, मग पुन्हा मामा.

पुस्तक आलं. तीन आठवड्यांनी संगमेश्वरहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन. म्हणाले, ‘शेवट वाचला आणि रात्रभर दिवा चालू ठेवला.’ मी सुखावलो. म्हटलं, बटणाची युक्ती आवडली ना? ते म्हणाले, ‘कसलं बटण?’

मग कळलं. बायंडरकडे फर्मे एकावर एक लावताना बाराव्याच्या जागी पाचवा परत लागला होता. म्हणजे पान १७६ नंतर थेट पान ६५. आता पान १७६ कुठे संपतं बघा. नायक रात्री रिकाम्या घरात परत येतो. शेवटची ओळ : ‘त्याने कडी काढली आणि’. बस, पान संपलं. आणि पान ६५ ची सुरुवात, जिथे खरं तर काकूंनी चुलीवरच्या पातेल्याचं झाकण काढलेलं असतं : ‘वाफ अंगावर आली. भात शिजला होता. काकूंनी पान वाढलं.’

(थोडा वेळ शांतता)

तुम्हीही गप्प झालात. मीही झालो होतो. त्याने कडी काढली आणि वाफ अंगावर आली. काकू मेलेल्या, सव्वीस पानं झाली, आणि त्या त्याला भात वाढताहेत, शब्दन् शब्द तोच, ‘मीठ लागलं तर माग.’ तो जेवतो, अकरा पायऱ्या मोजत वर जातो, आणि फर्मा संपतो पान ८० वर, जिथे काकू खालून नावाने हाक मारतात आणि ओळ अर्धवट राहते : ‘तो वळला आणि’. पुढे पुठ्ठा. गुरुजींचा प्रश्न एवढाच होता, ‘साहेब, त्याने ओ दिली का हो?’

मी बायंडरकडे तणतणत गेलो. तो म्हणाला, ‘पोरगा नवीन होता साहेब. पण खरं सांगू? तुमच्या सगळ्या पानांवर तेच घर आहे, त्याला कळणार कसं?’ एवढी नेमकी समीक्षा माझी कुणी केली नाही. किती प्रतींत हा घोळ झाला ते त्यालाही सांगता येईना. म्हणजे माझे काही वाचक मामाला खुनी मानतात आणि बाकीच्यांना मामा आठवतही नाही. ठाण्याच्या एका वाचनालयात दोन बायका यावरून भांडल्या म्हणे, वेगवेगळ्या प्रती वाचून. एकाने तर पत्र लिहिलं, ‘चकवा दाखवायला पानांचे आकडेसुद्धा मागे फिरवलेत, धन्य आहे!’ मी उत्तर पाठवलं, ‘आभारी आहे.’ काय करणार? सात महिने गेले होते.

बाराव्या फर्म्याची आठवण एकाही माणसाने काढली नाही, हे दुखणं आहेच. पण पहिल्या पन्नास पानांत ते घर विकायला काढलं नसतं, तर तो परत लागलेला फर्मा कुणाला भिववू शकला असता? छापखान्याची चूक म्हणून पुस्तक परत आलं असतं. वाचकाला भात कुठे शिजतो आणि पायऱ्या किती हे पाठ होतं, म्हणून

चिठ्ठी आली. ‘सहा मिनिटे.’ अध्यक्षांचं अक्षर सुरेख आहे.

बरं, काल. अनंत अंतरकरांनी १९४६ साली ‘हंस’ काढलं, पाठोपाठ ‘मोहिनी’ आणि ‘नवल’. गूढ आणि भय यांना मराठीत मासिकाचा हक्काचा पत्ता मिळाला तो असा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण ते रहस्य, तिथे शेवटी उजेड होतोच. नारायण धारप, १९२५ ते २००८, शंभरावर पुस्तकं, आणि एका कादंबरीचं नावच ‘४४० चंदनवाडी’. मी पत्ता पत्ता म्हणतोय तो हा! नुसतं नाव वाचून दाराशी उभं राहिल्यासारखं होतं. त्यांच्या गोष्टींत निदान ‘समर्थ’ नावाचे नायक यायचे सोडवायला. रत्नाकर मतकरींकडे कुणीच येत नाही, माणूस आपल्याच मनाच्या माजघरात अडकतो. यावर खरं तर अर्धा तास हवा होता. मतकरी वीस वर्षं बँकेत होते, १९७८ साली नोकरी सोडली. मी अजून सोडलेली नाही, यातच आमच्यातला फरक आला.

आज. आज म्हणजे हिशेब. विक्रेत्याला चाळीस टक्के, टपाल वेगळं, खोकी पलंगाखाली. आमच्या घरात पलंगाखाली काय आहे याची भीती फक्त बायकोला वाटते. दिवाळी अंकवाले ऑगस्टमध्ये फोन करतात, ‘भय द्या, पण सणाचं भान ठेवून.’ आणि सगळीकडे तो प्रश्न, तुम्ही भूत पाहिलंय का? पाहिलं असतं तर आधी त्याच्या गळ्यात दहा प्रती मारल्या असत्या.

उद्या. उद्या कानात आहे. लोक लोकलमध्ये, अंथरुणात गोष्ट ऐकतात. ऐकताना पान मागे उलटून जिना कुठे होता हे बघता येत नाही. म्हणून आता पत्ता आवाजाने द्यावा लागतो. मोरीतला नळ तीन थेंबांनी थांबतो, दुसऱ्या पायरीची फळी करकरते. ही खूण तीनदा पेरायची. चौथ्यांदा फळी वाजवायचीच नाही, आणि तरी पात्र वर पोचलेलं दाखवायचं. करून बघितलंय, चालतं. याची दोन उदाहरणं आणली होती, तो कागद राहू दे.

चिटणीस उभे राहिले. बाहेर टेबलावर त्या कादंबरीच्या काही प्रती आहेत. घेण्याआधी पान १७६ उलटून बघा. पुढे १७७ असेल तर पैसे टेबलावर ठेवा. ६५ असेल तर ती मला आणून द्या, दुसरी फुकट देतो. तसली एकही प्रत माझ्याकडे उरलेली नाही.