तेरच्या संग्रहालयाला हवा मुक्कामी अभ्यासक

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव बहुतेकांना ठाऊक आहे ते संत गोरोबाकाकांमुळे. तेरणेच्या काठचे हेच गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात, पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरचे फार मोठे नगर, असा तगरचा उल्लेख येतो आणि तेथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरापर्यंत जात असे, असेही त्यात नमूद आहे.

त्या नगराचे अवशेष गावाभोवतीच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांत दबलेले आहेत. पावसाने माती धुपली की मणी, नाणी, खापरे वर येतात. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू वर्षानुवर्षे वेचल्या आणि जपल्या. त्यांच्याच नावाने आज येथे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय उभे आहे.

या संग्रहातली केओलिन या पांढऱ्या मातीची, सातवाहनकालीन घडणीची एक मूर्ती पाहा. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून काढलेला आहे, आत पोकळी आहे आणि दोन्ही भाग जोडल्याची रेघ कडेने स्पष्ट दिसते. अशाच घडणीच्या मूर्ती पैठणला, भोकरदनला आणि तेलंगणातील कोंडापूरलाही मिळाल्या आहेत. मग साचे गावोगाव फिरत होते, की कारागीर, की एकाच ठिकाणचा माल सगळ्या बाजारांत जात होता? याचे उत्तर काचेबाहेरून काढलेल्या छायाचित्रांत सापडणार नाही. त्यासाठी मूर्ती हातात घेऊन केशरचना, दागिने, मापे आणि मातीचा पोत एकेक करून नोंदवावा लागतो.

आणखी एक अडचण आहे. टेकाडावर वेचलेली वस्तू कोणत्या थरातली, हे तिच्याबरोबर येत नाही. म्हणून १९५८ सालच्या आणि त्यानंतरच्या उत्खननांत थरांसह नोंदवलेल्या वस्तूंशी ताडून पाहूनच तिचा काळ ठरवावा लागतो. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचेही तसेच आहे. इटलीतील पॉम्पेई या प्राचीन नगरात १९३८ साली सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती आणि भोकरदनच्या उत्खननातील मूर्तीचा भाग यांच्या शेजारी तिला ठेवून पाहिल्याखेरीज तिच्याविषयी बोलणे अपुरेच राहते.

हे काम करू शकणारे तरुण मराठवाड्यात आहेत. दृश्यकला, पुरातत्त्व, भारतीय संस्कृती, संग्रहालयशास्त्र या विषयांत ‘नेट’ ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवता येते. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. मात्र या फेलोशिपची सगळी घडी विद्यापीठाभोवती बसवलेली आहे. मार्गदर्शक तिथे, हजेरी तिथे, प्रगती अहवाल तिथे. आणि ज्या वस्तूंवर प्रबंध लिहायचा, त्यांच्याकडे मात्र एसटीने सकाळी येऊन संध्याकाळी परतायचे. अशा धावत्या भेटींतून पदवी मिळते, संग्रहाची सूची होत नाही.

म्हणूनच अभ्यासवृत्ती विद्यापीठाइतकीच संग्रहालयाशीही जोडलेली असावी, असे आमचे मत आहे. अभ्यासकाने निदान वर्षभर तेरमध्येच राहावे. त्याला चांगल्या उजेडाचे टेबल, वस्तू कपाटाबाहेर काढण्याची लेखी परवानगी आणि मूळ नोंदवही पाहण्याची मुभा मिळावी. गावात राहिला तर पांढरीवर कोणाला काय सापडले, हेही त्याच्या कानावर येईल, आणि ती माहिती कोणत्याही ग्रंथालयात मिळणारी नाही. शिवाय विटांचे, चापाकार (मागची बाजू अर्धगोल असलेले) त्रिविक्रम मंदिर हाकेच्या अंतरावर आहे; ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती की पहिल्यापासून मंदिरच, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

एका अभ्यासकाकडून सगळ्या संग्रहाची अपेक्षा धरू नये. पहिल्या वर्षी केवळ केओलिनच्या मूर्तींची छायाचित्रांसह मराठी वर्णनसूची झाली तरी पुष्कळ झाले, आणि ती प्रबंधाच्या आधी प्रसिद्ध करण्याची अट अभ्यासवृत्तीतच असावी. तेरच्याच उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट हा मात्र निराळा विषय आहे. तिच्यासाठी कलेतिहासाच्या अभ्यासकाबरोबर लाकडाचे जतन जाणणारा तज्ज्ञही लागेल, आणि त्याच्या मानधनाची तरतूद अभ्यासवृत्तीच्या रकमेतून न करता स्वतंत्रपणे करावी लागेल.