लाभ, दोन, तीन

नमस्कार श्रोतेहो.

सुगी झाली की आमच्या घरी मोहोळकडची मालदांडी ज्वारी यायची. कणगीत ओतताना आई मापट्यानं मोजायची. पहिल्या मापाला ती कधी 'एक' म्हणाली नाही. लाभ, मग दोन, मग तीन. मापटं काठोकाठ भरलं तरी थांबायची नाही. वर शीग लावायची, दाणे ओघळायला लागले की मगच हात आवरायचा.

दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. सगळा हिशेब अर्ध्याचा आणि दुपटीचा, पाटी-पेन्सिल लागतच नाही. खोट एवढीच, की पायली गावागणिक बदलायची. घ्यायची एक आणि द्यायची दुसरी ठेवणारे महाभागही होतेच म्हणा.

हे झालं धान्य भरून मोजायचं माप. तागडीवरचा शेर निराळा, ८० तोळ्यांचा. १८३३ साली कंपनी सरकारनं तोळा १८० ग्रेनचा ठरवला; ग्रेन म्हणजे इंग्रजांचं एक बारीकसं वजन. चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा, त्यामुळे रुपये पारड्यात टाकले तरी काम भागायचं.

पुढे १९५६ चा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले. आडतीतला मण गेला, क्विंटल आला. तोळा सराफाकडे टिकला, पण ११.६६ ग्रॅमचा होता तो आता बोलीत सरळ १० ग्रॅमचा झालाय.

आपल्या सोलापुरात मात्र एक माप अजून पौंडातच आहे. सुताचा नंबर! चादरीच्या कारखान्यात माझी हयात गेली, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. नवख्या पोराला हे उलटंच वाटतं. एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लड्या निघतात, तो त्या सुताचा नंबर.

आता हे ८४० कुठून आले? तपासणीच्या रिळाची एक फेरी दीड वाराची. ८० फेऱ्या मारल्या की १२० वार, त्याला आम्ही 'ली' म्हणायचो. अशा सात लींचे ८४० वार. तिकडे पौंडात ७,००० ग्रेन, तेही सातानं भाग जाणारे. त्यामुळे एक ली काट्यावर टाकायची, जितके ग्रेन भरेल त्यानं १,००० ला भागायचं, की नंबर हातात. ५० भरलं तर वीस नंबर, १०० भरलं तर दहा.

एकदा वीस नंबर लिहिलेल्या गठ्ठ्यातली ली मी टाकली, ती भरली ५५ ग्रेन. म्हणजे सूत अठराचं! पौंडामागे दीड हजार वार सूत कमी. व्यापाऱ्याचं नाव घेत नाही, पण गठ्ठा त्याच दिवशी परत गेला.

याला मेट्रिक पर्याय आहे, टेक्स. हजार मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन. वीस नंबर म्हणजे साधारण साडेएकोणतीस टेक्स. सुटसुटीत आहे, मला पटतंही. पण 'साडेएकोणतीसचं सूत द्या' म्हणून आमच्या विणकरांच्या पूर्व भागात कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

पाण्याचंही तेच. उजनी धरणाचं पाणी आपण टीएमसी आणि क्युसेकमध्ये बोलतो, दोन्ही घनफुटातली: टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. ११,५७४ क्युसेकनं चोवीस तास पाणी सोडलं की धरणातला एक टीएमसी उतरतो. आणि सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेलं असलं, तरी बांधावरची भांडणं गुंठ्यावरूनच होतात.

किलोचं बघा. १८८९ पासून पॅरिसजवळ जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा ठोकळा म्हणजे किलो. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून त्या ठोकळ्याचा अधिकारही गेला. आता किलो ठरतो प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून, तो कधी झिजत नाही की गंजत नाही.

परवा मंगळवार बाजारात पाच किलो ज्वारी घेतली. इलेक्ट्रॉनिक काट्यावर बरोबर ५.००० आलं. पिशवीत ओतून झाल्यावर दुकानदारानं पोत्यात हात घातला आणि वर एक मूठ टाकली.

मी म्हटलं, "अहो, काटा तर बरोबर होता."

"असू द्या की ओ काका," म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.