मूल अठरा वर्षांचं झालं? मग आई-बाबांनाही कागद लागतो!

नमस्कार मंडळी! "दिव्यांग मूल अठरा वर्षांचं झालं की त्याच्या वतीने सही करायला आई-बाबांनाही कागद का लागतो?" कमेंटमध्ये हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय, म्हणून आज त्यावरच बोलते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढा, निरामय हा त्यांचा आरोग्य विमा भरा, उपचारांसाठी वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत मिळतात, थेरपीही त्यात बसते, दरवर्षी नूतनीकरण करा. हे तुम्हाला पाठ आहे, पुढे जाऊ.

घोडं अडतं ते पालकत्वाच्या कागदावर, म्हणजे मुलाचा कायदेशीर पालक म्हणून नेमणूक झाल्याच्या कागदावर. "मी जन्मदाती आई, मला कसला कागद?" अहो ताई, मूल 18 पूर्ण झालं की कायद्याने सज्ञान. ऑटिझम असो, सेरेब्रल पाल्सी असो, त्याच्या वतीने तुमची सही चालत नाही.

कळव्याच्या एक ताई आहेत. सासरे पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, नवरा रात्रपाळीला, मुलगा एकोणीस वर्षांचा, ऑटिझम असलेला. बँकेत म्हणाले, "खातं त्याचं, सही त्याचीच हवी." आणि तो काउंटरवरची पेनं ओळीत लावण्यात गुंग!

बरं, बँक सोडा. उद्या त्याचं ऑपरेशन ठरलं तर संमतीपत्रावर कोण सही करणार? तेही सोडा. वडिलांच्या पश्चात फ्लॅटमध्ये त्याचा हिस्सा आला, की तो फ्लॅट विकताना त्याच्या वतीने कोण उभं राहणार? तिन्हीकडे हाच कागद मागणार!

तो मिळतो राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली. जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती देते, प्रमुख जिल्हाधिकारी. आई-वडील दोघं असतील तर अर्ज दोघांनी मिळून करायचा. "मिस्टरांना वेळ नाही" ही सबब मला कमेंटमध्ये सांगू नका, प्लीज.

आता नवी मुंबईकर. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात. पण खारघर, कामोठे, कळंबोलीवाले, तुम्ही रायगडात! तुमचे जिल्हाधिकारी अलिबागला बसतात. ठाण्याच्या कोर्टनाक्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात रांग लावू नका.

"सासऱ्यांसाठी हाच अर्ज चालेल का?" नाही. हा कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. पक्षाघात, डिमेन्शिया यात बसत नाहीत, त्याचा वेगळा व्हिडिओ करते.

आणि नेमणूक झाली की फाइल कपाटात टाकू नका. मुलाच्या नावावर काय काय आहे त्याची यादी 6 महिन्यांत समितीला द्यायची, पुढे दरवर्षी हिशेब. आईनेही द्यायचा, हो!