आकडा वाढला, ताकद घटली

मोठ्या आतड्याचं ऑपरेशन होऊन एक रात्र उलटली आहे. सकाळचा रिपोर्ट सांगतो, पांढऱ्या पेशी 14,000. ऑपरेशनआधी 7,000 होत्या. नॉर्मलची वरची मर्यादा साधारण 11,000. नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: “डॉक्टर, इन्फेक्शन झालं का हो?”

पहिल्याच दिवशी, बहुतेक वेळा, नाही.

भूल दिलेली असली तरी शरीराच्या लेखी सुरी म्हणजे घावच. अॅड्रिनॅलिन, कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरकं वाढतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल (जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) सुटून प्रवाहात येतात. अस्थिमज्जाही (हाडांमधला, रक्तपेशी बनवणारा गाभा) नवे सोडते, त्यांत काही अर्धकच्चे. आकडा फुगतो तो असा.

आता त्याच कागदावर जरा खाली बघा. लिम्फोसाइट (जंतू नेमका ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 9 टक्के. एरवी ते 20 ते 40 असतात. या ओळीबद्दल सहसा कुणी विचारत नाही. विचारायला हवं ते खरं इथेच.

आणि जे रिपोर्टात छापलंच जात नाही, ते वेगळं. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून लिम्फोसाइटना दाखवतात. ज्यावर ते मांडायचे, ते एचएलए-डीआर नावाचं प्रथिन मोठ्या ऑपरेशननंतर लगेच घटतं. पेशी हजर असते, पण चोर ओळखून दाखवत नाही. बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या नॅचरल किलर पेशीही काही दिवस मंदावतात. कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये ही गोष्ट जास्त बोचते, कारण रक्तात सुटलेल्या गाठीच्या पेशी टिपणं हे त्यांचंच काम.

प्रतिकारशक्तीचा हा लगाम शरीर स्वतःच ओढतं. जखमेतला दाह अंगभर पसरू नये म्हणून. तो फार काळ ओढलेला राहिला, तर न्यूमोनियाला आणि जखमेतल्या पुवाला वाट मिळते.

दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनमध्ये घाव लहान, म्हणून ही उलथापालथही सहसा कमी. आणि टेबलावरच्या रुग्णाखाली-वर गरम हवेचं पांघरूण दिसतं ना? ते नुसतं थंडी वाजू नये म्हणून नाही. अंग गार पडलं की त्वचेचा रक्तपुरवठा आखडतो, आणि ऑक्सिजनशिवाय न्यूट्रोफिलना जंतू नीट मारता येत नाहीत. 1996 साली मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या 200 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. उबदार ठेवलेल्यांत जखमेचा संसर्ग 6 टक्के. ज्यांचं तापमान सुमारे 2 अंशांनी उतरलं, त्यांच्यात 19.

पुढच्या काही दिवसांत आकडा उतरायला हवा. उतरलेला पुन्हा चढला, सोबत ताप आला, तर मात्र डॉक्टर जखम तपासून बघतात, छातीचा एक्स-रे काढतात.