तंबोऱ्याशेजारचा मिनीमूग

(एका संगीतमंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'रागसंगीतात जुन्या सिंथेसायझरची साथ: काही तंत्रं'. तंत्रांकडे मी येणार आहेच. पण समोर हे लाकडी चौकटीतलं वाद्य दिसतंय ना, ते मी पाच वाजताच चालू करून ठेवलंय आणि आपला कार्यक्रम सहाचा होता. मघाशी मागच्या रांगेतून एकांनी काळजीने विचारलं, "बिघडलंय का हो?" नाही, तापतंय. खाँसाहेब तिकडे सारंगीच्या तरफा, म्हणजे आपसूक गुंजणाऱ्या जादा तारा, लावतायत, इकडे हे तापतंय, आणि मध्ये मी बोलतोय. तिघांचं एकाच वेळी संपलं तर आजची सभा जमली म्हणायची.

हा मिनीमूग, मॉडेल डी. मूग कंपनीचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य. 1970 साली अमेरिकेत बाजारात आला आणि 1981 पर्यंत बनत होता. तीन ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारे विजेचे भाग, 44 पट्ट्या, आणि एका वेळी एकच स्वर. चार पट्ट्या दाबा, स्वर एकच येणार. शिवाय याला आठवण ठेवता येत नाही. काल रात्री जो आवाज लावला होता तो आज हवा असेल, तर प्रत्येक खुंटी हाताने परत त्या जागी न्यायची. हो, मी खुंटीच म्हणतो, नॉब म्हणत नाही. का ते पुढे कळेल. ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवर 'फ्लूट' लिहिलेलं बटण असतं, ते दाबलं की बासरी. तसलं इथे काही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे वाद्य आपल्याकडे चुकीच्या जागी बसलं. आपण त्याला कायम कुणाच्या तरी बदली बसवलं. त्याची जागा साथीला आहे, तंबोऱ्याशेजारी, सारंगीच्या हाताच्या अंतरावर.

बदलीची ही सवय जुनी आहे. 1954 चा 'नागिन' आठवा. त्यातली बीन या सभागृहात निम्म्या लोकांना तोंडपाठ असेल. ती गारुड्याची पुंगी नव्हती. हेमंतकुमारांच्या संगीतात ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर वाजवली, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्याशा वाद्यावर. काय वाजवलंय! आजही ऐकताना अंगावर येतं. पण त्यातून बाजाराने धडा कुठला घेतला? की विजेचं वाद्य दुसऱ्याचं सोंग फार छान आणतं. पुढे केरसी लॉर्ड यांच्यासारख्या थोर वादकाने मुंबईच्या स्टुडिओत सिंथेसायझर आणला, तेव्हा तो बाकीच्या वाद्यमेळात बसून वेगळा रंग भरायचा. ऐंशीच्या दशकात मात्र एकेका सिंथेसायझरने व्हायोलिनची अख्खी रांग घरी बसवली. रोज टॅक्सीने ताडदेवला, महालक्ष्मीला जाणारी माणसं एकाएकी घरात बसली.

हे मी सांगतोय कारण खाँसाहेबांचे वडील त्या माणसांतले. मी पहिल्यांदा खाँसाहेबांच्या घरी गेलो आणि म्हटलं, मला तुमच्या सारंगीबरोबर सिंथेसायझर वाजवायचाय, तेव्हा त्यांनी चहा दिला, दोन बिस्किटं दिली आणि सांगितलं, "या वाद्याने आमच्या घरातला एक पगार खाल्लाय. मी त्याच्या बाजूला बसणार नाही." यावर काय बोलणार? चहा पिऊन परत आलो. पुढची दोन वर्षं मी त्यांच्या प्रत्येक बैठकीला जाऊन नुसता ऐकत बसलो. तिसऱ्या वर्षी त्यांनीच विचारलं, "ते तुझं लाकडी खोकं चालतं का अजून?" (ही गोष्ट सांगू का, असं मी मघाशी विचारलं. म्हणाले, सांग, पण त्यात माझे केस काळे होते हेही सांग. तर, काळे होते.)

पहिला कार्यक्रम कोल्हापुरात झाला. जानेवारी, उघडं अंगण, रात्रीचे नऊ. मिनीमूगच्या ऑसिलेटरमध्ये जे ट्रान्झिस्टर स्वराची उंची ठरवतात ते तापमानाला फार हळवे असतात. हवा गार झाली की स्वर सरकतो, आणि तिन्ही ऑसिलेटर सारखे सरकत नाहीत. काळी एकला, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला, लावलेला षड्ज पंधरा मिनिटांत कणसूर झाला. खाँसाहेबांची सारंगीही त्याच गारव्याने सरकली, पण वेगळ्या दिशेला. त्यात ध्वनिव्यवस्था बघणाऱ्यांनी माझा आवाज थेट मोठ्या भोंग्यांत घातलेला, मंचाच्या दोन टोकांना, तीस फुटांवर. मी वाजवतोय इथे आणि स्वर उमटतोय प्रेक्षकांच्या डोक्यावर. खाँसाहेबांना मी ऐकूच येत नव्हतो. आणि ऐकू येत होतो तेव्हा त्यांच्या गजापेक्षा मोठा. आयोजकांना मध्यंतरात हात जोडून म्हटलं, एक छोटा स्पीकर जमिनीवर ठेवू द्या. उत्तर आलं, "कीबोर्ड लाइनमध्येच घेतात." या वाक्याचा मला आजही राग येतो. सारंगीसमोर माइक लावायला तुम्ही दहा मिनिटं देता, आणि या वाद्याला स्वतःचं पोट, स्वतःची भोपळ्याची पोकळी असू शकते, हे मान्यच करत नाही!

कार्यक्रम संपल्यावर खाँसाहेब सारंगीला गवसणी घालता घालता शांतपणे म्हणाले, "तुझं वाद्य बोलतं, पण ऐकत नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याला परतताना आम्ही वाट वाकडी करून मिरजेत थांबलो. माझा तंबोरा जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारांची गुंज खुलवायला, तिथे दिला होता. मिरजेची ती गल्ली तुम्हाला माहीत आहे. ओळीने दुकानं, छताला टांगलेले भोपळे, लाखेचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. कारागीर चाचा घोडीवर कानस फिरवत बसले होते. खाँसाहेब सहज म्हणाले, "चाचा, गाडीत एक खोकं आहे, त्याचीपण जवारी काढून द्या." आम्ही दोघं हसलो. चाचा हसले नाहीत. त्यांनी कानस खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "आणा की. बघू."

मिनीमूग त्यांच्या पाटाशेजारी मांडला, छोटा स्पीकर जमिनीवर. मी खर्ज धरला, करवतीच्या दातांसारखी जी लहर असते ती लावून. चाचांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "यातला दोरा कुठला?"

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो, तो केसभर सरकवला की तार बोलायला लागते. चाचा तोच मागत होते. मी क्षणभर गोंधळलो आणि मग फिल्टरची, म्हणजे आवाजातले वरचे अंश गाळणाऱ्या भागाची, खुंटी दाखवली. तिच्यावर 'कटऑफ फ्रीक्वेन्सी' लिहिलेलं असतं. शेजारी 'एम्फसिस' ही दुसरी खुंटी, ती अर्ध्यावर ठेवली. चाचांनी कटऑफवर तर्जनीचं टोक टेकवलं, फिरवलं म्हणावं इतकंही नाही, ढकललं. दुसऱ्या हाताने मांडीवरच्या तंबोऱ्याचा खर्ज छेडत राहिले. खुंटी कणभर वर गेली आणि माझ्या त्या एका स्वरातून पंचम वर आला. "हा बघा, उभा राहिला." आणखी थोडं. तार षड्ज. आणखी थोडं, आणि स्वच्छ गंधार. तोच स्वयंभू गंधार, जो चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येतो!

यात जादू काही नाही. मूळ स्वरात तिप्पट कंपनांचा पंचम आणि पाचपट कंपनांचा गंधार असतातच. मूगच्या फिल्टरला एम्फसिस दिला की तो ज्या जागी उभा असेल तिथल्या उपस्वराला उचलून धरतो. वीस वर्षं मी ती खुंटी 'आवाज ब्राइट करायला' वापरत होतो. चाचांनी पाच मिनिटांत तिच्यात जवारी शोधली.

आणि मग ते म्हणाले, "तंबोऱ्यात हे सगळे एकामागून एक येतात आणि निघून जातात. तुमचा स्वर एका जागी उभाच राहतो. त्याला चालवा."

मी डाव्या हाताने स्वर धरला आणि उजव्या हाताने खुंटी अगदी सावकाश मिटत आणली. गंधार, षड्ज, पंचम असे उपस्वर एकेक करत खाली उतरले आणि खर्जात विरले. भिंतीला टेकवून ठेवलेल्या सारंगीच्या तरफा आपसूक गुणगुणायला लागल्या. कुणी हात लावला नव्हता. खाँसाहेबांनी तरफांवर तळवा ठेवून त्या मिटल्या. थांबले. मग तळवा उचलला आणि मला म्हणाले, "परत."

त्या दिवशी पुण्याला पोचायला रात्रीचे अकरा वाजले.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. बारा मिनिटं उरलीत, आणि वाजवायचंही आहे. तर आता भराभर, जे सांगायला मला बोलावलं होतं ते.

हे फक्त आपल्यालाच सुचलं असं नाही. अमेरिकन संगीतकार रिचर्ड टायटलबॉम 1967 मध्ये मूग घेऊन रोमला गेले, तिथल्या मंडळींबरोबर मोकळं, आयत्या वेळचं संगीत करायला. पुढे जपानमध्ये कात्सुया योकोयामांकडे शाकुहाची ही बांबूची बासरी शिकले आणि तिच्याबरोबर सिंथेसायझर वाजवला. आधी शिकले, मग शेजारी बसले, हा क्रम मला मोलाचा वाटतो. जर्मनीचे थॉमस लेन लंडनमध्ये बनलेली ईएमएस कंपनीची सिंथी, म्हणजे छोटा सिंथेसायझर, घेऊन ढोलवाले, सॅक्सोफोनवाले यांच्यात असे खेळतात की कोण विजेवर आहे ते कळत नाही. आणि आपल्या दाराशी, अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, 1969 साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग बसवला. त्यामागे गीता साराभाई होत्या, स्वतः पखवाज वाजवणाऱ्या. तो स्टुडिओ काही वर्षांतच थांबला, फिती कित्येक दशकं पडून राहिल्या, 2023 मध्ये त्यांतलं निवडक प्रसिद्ध झालं. पखवाज येणारी बाई आणि मूग एकाच इमारतीत होते, आणि तरी आपल्या बैठकीपर्यंत ते वाद्य पोचलं नाही, याची मला फार चुटपुट आहे.

आता तंत्र. गंधार आधी. पट्टीवरचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या गंधारापेक्षा 14 सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सातवा हिस्सा. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियम बंद केली तेव्हाच्या वादात हाही मुद्दा होता. हार्मोनियमवाल्याला तो स्वर उतरवता येत नाही, मिनीमूगवाल्याला येतो. डावीकडे हे चाक आहे. याला स्प्रिंग नाही, ठेवाल तिथे राहतं. गंधारावर आलात की चाक जरा मागे. दरबारी रागातलं आंदोलन, म्हणजे गंधाराचा संथ डोल, तोही याच चाकावर. 'ग्लाइड'ची खुंटी मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी, वापरू नका. तिची चाल ठरलेली असते, राग कुठलाही असो. मींड चाकानेच, खाँसाहेबांच्या गजाकडे बघत.

दुसरं. हे वाद्य खालच्या स्वराला मान देतं. खालची पट्टी धरलेली असेल तर वरची बोलत नाही. हा दोष समजतात. पण पंचम करंगळीने धरून ठेवा आणि खाली मध्यम, गंधार नुसते टिपा. बोट उचललं की पंचम आपोआप परत येतो, आणि नवा आघात होत नाही, सगळं एकाच दमात. खटका, मुरकी ही स्वरांची झटपट वळणं इथून निघतात. पियानोच्या सवयीचा हात इथे अडखळतो, हार्मोनियमवाल्याचा लवकर रुळतो.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. गज संपतो. बासरीवाल्याचा श्वास संपतो. तबल्याचा बोल तर उमटताच विरायला लागतो. ऑसिलेटरला दम लागत नाही, तुम्ही पट्टी सोडेपर्यंत तो वाजतच राहील, रात्रभर. म्हणून शेजारचे वैतागतात. तर पट्टी दाबताना श्वास सोडायला सुरुवात करायची आणि श्वास संपला की स्वर सोडायचा. खरंच सोडायचा, मनातल्या मनात नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिले तीन महिने एवढंच देतो. श्वासाबरोबर कटऑफही मिटत आणायचा, म्हणजे चाचा म्हणाले तसं स्वर चालतो. आणि सारंगीने वाक्य म्हटलं की त्याचं शेपूट तेवढं उचलायचं, वाक्य परत म्हणायचं नाही.

स्पीकरचं सांगून झालंय, एक, छोटा, जमिनीवर, तरफांच्या मागे. सूर मशीनने लावू नका, तंबोऱ्याशी लावा, दोन स्वरांमधला डोल मंद होत होत थांबेपर्यंत. आणि दर बंदिशीनंतर पुन्हा लावा. श्रोते थांबतात. सारंगीसाठी थांबतात, तर यासाठीही थांबतील.

खाँसाहेब मान हलवतायत, म्हणजे तरफा झाल्या. आज यमन, काळी एक, तबल्यावर विलंबित एकताल. एक विनंती आहे, मंचावरचा तो उजवीकडचा पंखा बंद करता का? वारा थेट मिनीमूगवर येतोय, षड्ज उतरायला लागलाय.