थुंकी नव्हे, बेडका

(दृश्य: खिडकीच्या उजेडात दोन डब्या)

दोन्ही डब्या क्षयाच्या तपासणीसाठी आल्यात. डावीकडच्या डबीत थुंकी आहे. पातळ, फेसाळ, हिच्यातून काही कळायचं नाही. उजवीकडे घट्ट, पिवळसर, 2 ते 5 मिली. हा बेडका, थेट फुप्फुसातला. पहाटे उठल्या उठल्या चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीच्या तळातून खोकायचं. मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब. हे नीट समजावलं नाही, तर पुढची सगळी मेहनत वाया.

(दृश्य: काचपट्टी, ज्योत)

बेडक्यातला घट्ट भाग काडीने उचलून 3 बाय 2 सेंटिमीटर पसरला. वाळल्यावर ज्योतीवरून फिरवला, म्हणजे धुताना सुटत नाही. त्यावर कार्बोल फुक्सिन, हा लाल रंग. खालून ऊब द्यायची ती वाफ दिसेपर्यंतच. उकळी आली की रंगाचे कण काचेवर बसतात आणि जंतू म्हणून फसवतात. पाच मिनिटांनी धुवून 25 टक्के सल्फ्युरिक आम्ल. बाकी सगळ्याचा रंग उतरतो. क्षयाच्या जंतूचा नाही, त्याचं आवरण मेणचट असतं. शेवटी मिथिलिन ब्लू, हा निळा रंग.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकातून)

निळ्यात या लाल काड्या, हेच क्षयाचे जंतू. एकही दिसली नाही, तरी काचपट्टी सरकवत 100 क्षेत्रं (एका वेळी भिंगातून दिसतो तो गोल भाग) पाहिल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही. आणि तरीही चुकतं: एका मिलीत पाच-दहा हजार जंतू नसतील, तर काचेवर ते सापडतच नाहीत. म्हणून शेजारी ट्रूनॅट हे यंत्र, गोव्यातल्या कंपनीचं, बॅटरीवरही चालणारं. ते जंतूचा डीएनए शोधतं. सापडला, तर दुसऱ्या चिपवर रिफाम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध लागू पडेल का, तेही पाहतं.

खोकला मात्र सगळ्यांचा सारखाच वाटतो. ग्राम रंगात (रंगवायची दुसरी पद्धत) या जांभळ्या जोड्या न्यूमोकोकसच्या, म्हणजे न्यूमोनियाच्या जंतूच्या: अचानक हुडहुडी, ताप, श्वास घेताना एका कुशीत कळ. फ्लू-कोविडचे विषाणू इथे दिसत नाहीत आणि अँटिबायोटिकला जुमानतही नाहीत. बरा झालेला क्षय मागे पोकळी ठेवून गेला, तर तिथे ॲस्परजिलस बुरशी गोळा धरते. खोकल्यातून रक्त येतं, आणि क्षयच उलटला समजून तीच औषधं पुन्हा सुरू होतात!

तपासणीआधीच लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं, तर क्षयही तात्पुरता दबतो. निदान लांबतं, घरात लागण होत राहते.

(दृश्य: डबीवर चिकटपट्टी)

नाव डबीच्या अंगावर. झाकणावर नाही, झाकणं बदलली जातात.